तार किती उंच बांधावी?

गेल्या चतुर्थीस आम्ही पेडणे तालुक्यात, मोपाच्या पठारालगत, एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. आरत्या आटोपल्या, जेवणे झाली आणि यजमानांचे वृद्ध वडील आम्हांस पडवीत घेऊन बसले. त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. हौशी रेडिओची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यास केंद्र सरकारचा परवाना नुकताच मिळाला होता. आजोबांनी मुदतठेवीची पावती आमच्यासमोर ठेवली आणि ते म्हणाले, "ह्याला लोखंडी मनोरा आणि परदेशी अँटेना हवी आहे. ठेव मोडावी म्हणतो. तुम्हांला यातले थोडे कळते. मोडू की नको, तेवढे सांगा."

नातवाच्या हौसेपोटी आजोबा ठेव मोडावयास निघाले, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा मुंबईच्या पश्चिमेस समुद्रातील तेलक्षेत्रात कामावर होता. इकडे झाडे कोसळून वीज गेलेली, दूरध्वनी मुका झालेला. त्याच वादळात मुंबईनजीकच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाल्याची बातमी कोणीतरी बाजारातून आणली. मुलगा सुखरूप असल्याचे घरी कळावयास पुरे दोन दिवस लागले. ते दोन दिवस घरात चूल पेटली नाही, असे आजींनी आम्हांस सांगितले. म्हणून आजोबांना घरात असे यंत्र हवे होते की, तारा तुटल्या तरी ज्यावरून माणसाचा आवाज ऐकू येईल.

त्यांची अपेक्षा अवाजवी मुळीच नव्हती. हौशी रेडिओचे केंद्र मोटारीच्या बॅटरीवर चालते आणि त्यास मधला मनोरा वा उपग्रह लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद ह्या हौशी केंद्रचालिका योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होत्या. अंदमानातील दळणवळण कोलमडलेले असता त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येकांचे निरोप मुख्य भूमीवरील नातलगांपर्यंत पोहोचविले. गोव्यालाही हा छंद नवा नाही. १९६१ पूर्वी 'सीआर८' ह्या अक्षरांनी ओळखला जाणारा गोवा जगभरच्या हौशी मंडळींच्या यादीत स्वतंत्र प्रदेश म्हणून मोजला जात असे. मुक्तीनंतर ती नोंद संपली आणि गोव्याची केंद्रे 'व्हीयू' ह्या भारतीय संकेताखाली आली.

आम्ही नातवास जवळ बोलावून विचारले, "तुला बोलावयाचे कोणाशी?" तो म्हणाला, "काका, जितक्या दूर जाता येईल तितक्या दूर." आजोबा म्हणाले, "मला मुंबई पुरे." अँटेनेची निवड ह्या उत्तरावर ठरते, दुकानातील किमतीच्या पाटीवर नव्हे.

लघुलहरी भूमीवरून फार दूर जात नाहीत. त्या आकाशात जातात आणि सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील विद्युत्भारित थरावरून परतून खाली येतात. लहर क्षितिजालगत तिरपी सोडली तर एका उडीत ती चार हजार किलोमीटरांपर्यंत मजल मारते. सरळ वर सोडली तर आसपासच उतरते. तेव्हा दूरचे बोलणे हवे असेल तर लहर तिरपी जावी, आणि जवळचे हवे असेल तर उभी जावी. लहरीचा हा कोन मुख्यतः तार भूमीपासून किती उंच आहे यावर अवलंबून असतो.

सर्वांत साधी अँटेना म्हणजे मधोमध तोडून केबल जोडलेली, अर्ध्या लहरीएवढी आडवी तार. तिचे गणित सोपे आहे. १४३ ह्या संख्येस मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे, म्हणजे तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. दूरच्या संभाषणास भरवशाचा मानला जाणारा पट्टा १४ मेगाहर्ट्झचा. त्यास सुमारे १० मीटर तार लागते. सूर्यावरील डागांचे चक्र अदमासे ११ वर्षांचे असते आणि चालू चक्राचे शिखर २०२४ च्या सुमारास येऊन गेले. पुढील काही वर्षे २८ मेगाहर्ट्झसारखे वरचे पट्टे उत्तरोत्तर थंडावतील. १४ चा पट्टा मात्र पडत्या काळातही दिवसा साथ देतो. म्हणून नवख्याने आरंभ तेथूनच करावा.

हीच तार ५ मीटरांवर बांधली तर तिची बरीचशी शक्ती आभाळाकडे सरळ वर जाते. ती १० मीटरांवर नेली की क्षितिजापासून १५ अंशांच्या कोनात जाणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. जपानमध्ये १९२६ साली उदा आणि यागी ह्या दोघांनी पुढे आणलेली बहुदंडी अँटेना, जिची लहान आवृत्ती दूरदर्शनच्या आरंभीच्या दिवसांत मासळीच्या काट्यासारखी घरोघरी कौलांवर दिसे, तीन दंडांची घेतली तर साध्या तारेच्या सुमारे चौपट जोर देते. ऐकणाऱ्याच्या यंत्रावरील काटा त्याने एक घर पुढे सरकतो. म्हणजे मनोरा, फिरविण्याचे यंत्र आणि परदेशी दंड यांवर ठेव मोडून जे मिळावयाचे, त्याच्या बरोबरीचे बरेचसे नुसती तार पाच मीटर वर चढवून पदरात पडते. बहुदंडी अँटेनेस आम्ही नावे ठेवीत नाही. ती नको त्या दिशेचा गोंगाट अडविते आणि क्षीण आवाज उचलते. परंतु ती दुसरी पायरी होय, पहिली नव्हे.

त्यातून मोप्याची एक निराळी अडचण आहे. येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळाच्या परिघात, २० किलोमीटरांपर्यंत, उंच बांधकामास व मनोऱ्यास उंचीचे निर्बंध लागू होतात आणि त्यासाठी ना-हरकत दाखल्याची वाट धरावी लागते. लोखंड विकत घेण्यापूर्वी ही चौकशी करावी.

नातवाने मग उभ्या दांड्याच्या अँटेनेचा विषय काढला. ती ५ मीटर उंचीचीच असते, जागा थोडी अडविते आणि लहर तिरपी सोडते, हे सर्व खरे. तथापि तिचा अर्धा भाग म्हणजे तिच्या पायाखालची जमीन. मोप्याचे पठार जांभ्याचे. जांभा विजेचा वाईट वाहक. येथे उभा दांडा लावावयाचा तर त्याच्या बुंध्यापासून चहूकडे निदान १६ ते ३२ तारा पसराव्या लागतील, नाहीतर शक्ती दगड तापविण्यातच जाईल. ह्याच तालुक्यात केरी वा हरमल येथे खाऱ्या पाण्याच्या काठावर तोच दांडा उत्तम चालेल. सुटीच्या दिवशी तो तिकडे घेऊन जावा. घरी आडवी तारच बरी.

राहता राहिली दिशा. आडवी तार आपल्या टोकांकडे क्षीण आणि दोन्ही बाजूंस प्रबळ असते. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर इंग्लंड वायव्येस आणि न्यू यॉर्क थेट पश्चिमेस वाटते. गोलावर दोरा ताणून पाहावा: गोव्याहून लंडन खरोखरच वायव्येस आहे, अंतर सुमारे ७,५०० किलोमीटर, न्यू यॉर्क मात्र वायव्येच्याही पलीकडे उत्तरेकडे झुकते. उलट बाजूस ऑस्ट्रेलियाचे मेलबर्न आग्नेयेस येते. तेव्हा तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली की युरोप, अमेरिकेचा पूर्व किनारा आणि ऑस्ट्रेलिया ही तिन्ही तिच्या प्रबळ बाजूंत येतात. पूर्व आफ्रिका टोकाकडे जाते, तेवढे सोसावे. त्यांच्या घराच्या ईशान्येस जुना फणस आणि नैर्ऋत्येस माड होता. पठाराचा उतार वायव्येकडे खाली जात होता, आणि असा उतार लहरीला आणखी तिरपी करतो. मनोऱ्याची जागा करण्यासाठी तोच फणस पाडावा असे घरात ठरत होते!

आजोबांच्या मुंबईसाठी आम्ही दुसरी तार सुचविली: ७ मेगाहर्ट्झची, सुमारे २० मीटर लांब, आणि मुद्दाम ठेंगणी, चार-पाच मीटरांवर. मुंबई येथून हवाई मार्गाने सुमारे पावणेचारशे किलोमीटर. तेथे पोहोचावयास लहर जवळजवळ उभीच जावयास हवी. मनोऱ्यावरची महागडी अँटेना मुंबईच्या डोक्यावरून निघून गेली असती. ही ठेंगणी तार पुणे, बेळगाव आणि रत्नागिरीही सांभाळते. आपत्तीच्या वेळी लंडनपेक्षा ह्या गावांशी बोलणे अधिक निकडीचे असते. तेथील हौशी केंद्रचालक आपला निरोप तेथल्या दूरध्वनीवरून पुढे देऊ शकतो.

इतर गोष्टी थोडक्यात सांगितल्या. बारीक केबल तीस मीटर वापरली तर १४ मेगाहर्ट्झवर जवळपास तिसरा हिस्सा शक्ती वाटेतच जिरते. म्हणून पैसे खर्चावयाचे ते जाड केबलीवर. विजेच्या वाहिनीच्या आसपास दोरी कदापि फेकू नये. वळवाचे ढग दिसताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर भूमीस जोडावी. आणि जांभ्यात भूमीजोड नीट लागत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ घालून तो ओला ठेवावा.

आजोबा हे सारे शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, "वादळात झाड पडले, तार तुटली, तर?"

नातूच म्हणाला, "आजोबा, तार तुटली तर अर्ध्या तासात दुसऱ्या झाडाला बांधीन. मनोरा पडला तर माझ्याने उचलवणार नाही."

पावती पुन्हा पेटीत गेली. दिवाळीनंतर दोन्ही तारा चढल्या. पौषात नातवाचे पत्र आले: एका सायंकाळी लंडनजवळच्या एका गृहस्थांशी दहा मिनिटे स्पष्ट बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या एका केंद्रचालकाने आजोबांच्या धाकट्या मुलास दूरध्वनी करून वडिलांचा निरोप दिला आणि त्याचे उत्तर परत कळविले. वीज त्या दिवशी होती, दूरध्वनीही चालू होता. तरी आजोबांनी घरातील मुख्य बटण बंद करावयास लावले आणि सारे बॅटरीवर करून पाहिले, असे त्याने लिहिले आहे.

ज्यांच्या घरी अशी तार असेल त्यांनी हेच करून पाहावे. मृगापूर्वी दोऱ्या तपासाव्या, बॅटरी भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी घरातील वीज बंद करून जवळच्या गावाला हाक द्यावी.