एक पातं पुरतं

‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे हो,’ असं कुणी तरुण म्हणाला की मी आधी त्याच्या गळ्याकडे बघतो. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना लाल पुटकुळ्या, जबड्याखाली जुने काळे डाग, एखाद्या ठिकाणी खाजवून सोललेलं. मग विचारतो, दाढी कशाने करतोस? उत्तर ठरलेलं असतं. तीन पात्यांचं किंवा पाच पात्यांचं कार्ट्रिज, रबरी मूठ, वर निसरडी पट्टी. या पोराची कातडी जन्मापासून ठणठणीत होती. प्रत्येक हातासरशी ती पाच वेळा खरवडली जाते आणि खापर मात्र कातडीच्याच माथी फुटतं. याची मला चीड आहे, आणि ती उसनी नाही.

एकोणिसाव्या वर्षापासून पुढची अकरा वर्षं मी स्वतः हेच केलं. पाती जितकी जास्त तितकी दाढी चांगली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जाहिराती बघून बघून ते डोक्यात मुरलं होतं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी कॉलरवर रक्ताचे ठिपके घेऊन गेलो. त्यावर उपाय म्हणून महागडं जेल आणलं, मग लोशन, मग कोरफडीचा गर, मग मलम. कार्ट्रिज मात्र बदललं नाही, कारण सगळ्यांत महाग वस्तू तीच होती आणि महाग वस्तूवर संशय घ्यायला मन धजत नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून गळा पाहिला आणि म्हणाल्या, ‘केस आत वळलेत. हे सगळं बंद करा, साधं ब्लेड आणा.’ तीन आठवड्यांत गळा निवळला. अकरा वर्षांच्या त्रासावरचा उपाय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काही रुपयांना मिळत होता.

केस आत कसा वळतो ते प्रत्येक सोळा वर्षांच्या मुलाला घरात सांगायला हवं. कार्ट्रिजमधलं पहिलं पातं केसाला पकडून किंचित वर ओढतं आणि कापतं. तो केस पुन्हा आत सरकण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. कारखानदारांच्या भाषेत याला ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात आणि याचाच अभिमानाने डांगोरा पिटला जातो. कापलेलं टोक मग कातडीच्या पातळीखाली जातं. केस सरळ असेल तर तो निमूट वर येतो. कुरळा किंवा राठ असेल तर टोकदार खुंट बाहेरची वाट चुकतो, कातडीतच शिरतो आणि तिथे सूज येते. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलते, म्हणून सगळ्यांत जास्त हाल गळ्याचे होतात. म्हणजे ज्या गुळगुळीतपणासाठी पैसे मोजले, त्यातूनच ही पुटकुळी उगवते. ज्यांचे केस मऊ आणि सरळ आहेत त्यांना पाच पात्यांनी काही होत नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी खुशाल वापरावं. पण त्यांच्या गालावर रचलेली जाहिरात सगळ्या देशाच्या गळ्यावर का लादायची?

आणि एका पात्याने दाढी होत नाही, असं या धंद्याला तरी कुठे वाटतं? जिलेटने १९७१मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज काढलं, १९९८मध्ये तीन पात्यांचं, २००६मध्ये पाच पात्यांचं. त्याच जिलेटने २०१०मध्ये खास भारतासाठी ‘गार्ड’ नावाचा रेझर आणला. किंमत पंधरा रुपये, बदली पातं पाच रुपये, आणि त्यात पाती किती? एक. स्वस्तात आणि स्वच्छ दाढी व्हायची तर एक पातं पुरतं, याचा हा कबुलीजबाब कंपनीने स्वतःच्या कारखान्यात घडवून बाजारात मांडला. आम्ही तो वाचला नाही. ‘गार्ड’ गरिबाचा आणि पाच पाती साहेबाची, एवढाच अर्थ घेतला.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. कार्ट्रिजने माणसाची निवड काढून घेतली. किंग कॅम्प जिलेटला त्याच्या रेझरचं पेटंट १९०४मध्ये मिळालं. त्याआधीच्या वर्षी, विक्रीच्या पहिल्या साली, त्याचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली होती. पुढे पेटंटांची मुदत संपली आणि मधली खाच असलेलं दुधारी ब्लेड सगळ्या जगाचं झालं. आज ते कुणीही बनवतं. जपानमधलं, तुर्कस्तानातलं, रशियातलं, आपल्या ठाण्यातल्या कारखान्याच्या नावाचं, कुठलंही ब्लेड कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. रेझर आजोबांचा असला तरी बसतं. ग्राहकाला इतकी मोकळीक देणाऱ्या फार थोड्या वस्तू घरात उरल्या आहेत. कार्ट्रिज घेतलं की ही मोकळीक संपते. मूठ ज्याची, पातं त्याचंच; भाव तो सांगेल तो. पातं चेहऱ्याला मानवलं नाही तर मूठसुद्धा फेकावी लागते, म्हणून माणूस मानवलं असं समजून चालवतो. मीही तेच केलं.

आता आमच्या घरातल्या थोरांकडे वळतो, कारण दोष एकट्या कंपन्यांचा नाही. माझे वडील साधंच ब्लेड वापरायचे, पण एक ब्लेड महिनाभर. बोथट झालं की काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून ते घासायचे आणि पुन्हा चढवायचे. त्यानंतर तेच ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात उसवायला आणि शेवटी अर्धं मोडून माझ्या कंपासपेटीत पेन्सिल तासायला. गरिबीत ती काटकसर होती, तिचा मी अनादर करणार नाही. पण परिस्थिती सुधारल्यावरही जे लोक दोन-चार रुपयांचं पातं पंधरा-पंधरा दाढ्यांना ओढतात आणि वर सांगतात की नवं ब्लेड फार कापतं, त्यांना एकदा बजावलंच पाहिजे. कापतं ते जुनं पातं. धार गेली की पातं केस तोडत नाही, ओढतं. मग हात आपोआप दाब वाढवतो आणि दाबाखाली कातडी सोलते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी वापरलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडलं, ते या मंडळींनी ऐकावं. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरीही केस त्याच्या धारेचे कपचे उडवतो. धार नुसती गुळगुळीत झिजत नाही, ती जागोजागी तुटते. अशी दातेरी कड आपण गालावरून फिरवतो आणि काटकसरीचं समाधान मानतो. माझ्या राठ दाढीला एक ब्लेड चार वेळा पुरतं. पाचव्या वेळी पहिल्याच हातात ओढ जाणवली की मी ते काढून टाकतो. साबण गालावर तसाच असला तरी काढतो.

तिसरी जमात अलीकडची. हे हौशी लोक. यांच्याकडे दहा रेझर, वीस साबण आणि एकच निकष: सर्वांत धारदार तेच सर्वोत्तम. जपानमधल्या सेकी या तलवारींसाठी प्रसिद्ध गावात ‘फेदर’ ब्लेड बनतं. ते विलक्षण तीक्ष्ण आहे, यात शंका नाही. पण ते नवशिक्याच्या हाती देऊन ‘हेच घे, बाकी सगळं कचरा’ असं सांगणारा माणूस सल्ला देत नाही, दुखापत देतो. त्या पोराचं दुसऱ्याच दिवशी हनुवटीवर कापतं आणि तो पुन्हा कार्ट्रिजकडे पळतो, कायमचा. ब्लेड एकटं कधीच दाढी करत नाही. ते रेझरच्या डोक्यात किती वाकतं, कड किती बाहेर येते, खालच्या पट्टीशी फट किती राहते, यावर त्याचा स्वभाव ठरतो. सौम्य रेझरमध्ये जे ब्लेड लोण्यासारखं फिरतं, तेच जास्त उघड्या रेझरमध्ये चावतं. आणि धारेइतकंच महत्त्व तिच्यावरच्या लेपाचं. ब्लेडची जाडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण एखाद्या जाड केसाएवढी. त्याच्या कडेवर क्रोमियमसारख्या धातूचा आणि टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. हाच निसरडा थर ओढ कमी करतो. पाकिटावर ‘प्लॅटिनम’ हा शब्द बघून हरखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की दोन कंपन्यांची प्लॅटिनम ब्लेडं एकाच गालावर अगदी वेगळी वागतात.

म्हणून दुसऱ्याची यादी घेऊन दुकानात जाऊ नका. चार-पाच वेगवेगळ्या ब्लेडांची एकेक पाकिटं आणा. सगळी मिळून एका कार्ट्रिजच्या किमतीत येतात. रेझर एकच ठेवा, साबण तोच, ब्रश तोच, वेळही तीच. एका जातीचं ब्लेड सलग तीन दाढ्या वापरा आणि मगच मत बनवा, कारण एका सकाळी चुकलेला हात हा ब्लेडचा दोष नसतो. तीन गोष्टी बघायच्या: हनुवटीवर ओढतं का, तुरटी फिरवल्यावर कुठे चरचरतं, आणि संध्याकाळी गळा कसा दिसतो. तुरटीचा खडा खोटं बोलत नाही. जिथे जास्त खरवडलं असेल तिथे तो झोंबून दाखवतोच. माझ्या बाबतीत सगळ्यांत धारदार ब्लेड दुसऱ्या दिवशी गळ्याला नडलं आणि आपलं साधं, दुकानदार मागच्या फळीवरून धूळ झटकून काढतो ते ब्लेड मानवलं. माझ्या भावाचं नेमकं उलट झालं. एकाच आईबापांची दोन पोरं, तरी ब्लेड वेगळं. ब्लेड घेताना ओळखीच्या दुकानातून घ्या. नामांकित नावांची नकली पाकिटंही बाजारात फिरतात आणि तुम्ही त्या नकली पात्यावरून असलीची परीक्षा कराल.

परीक्षा घेण्याआधी केस भिजवा. हे सांगताना मला लाज वाटते, इतकं ते साधं आहे, आणि तरीही दहातले नऊ जण तोंडावर पाण्याचा हबका मारून थेट रेझर उचलतात. सुका केस चिवट असतो. गरम पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजला की तो फुगतो आणि मऊ पडतो. आंघोळीनंतर दाढी केली तर हे काम फुकटात होतं. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांचा फेस गालावर बसल्या बसल्या सुकतो, कारण पाण्यातले क्षार साबणाला फुलू देत नाहीत. त्यांनी ब्रश पिण्याच्या पाण्यात भिजवावा. एक वाटी पाणी पुरतं. मग पहिला हात सुलट, केसाच्या दिशेने, रेझरला त्याच्या वजनाने जाऊ द्यायचं, वरून दाबायचं नाही. केसाची दिशा डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळते. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस आडवे वाढतात, हे मला तिसाव्या वर्षी कळलं. उलटा हात रोज मारलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. धार टॉवेलने पुसू नका. नुसतं पाण्याखाली धरा आणि झटका.

सलूनमध्ये जात असाल तर पातं तुमच्यासमोर पाकिटातून निघालं पाहिजे. कारागीर दुधारी ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो, तो अर्धा तुकडा नवाच हवा. हिपॅटायटिस बीसारखे आजार रक्तातून पसरतात. मागायला संकोच वाटून घेऊ नका. चांगला कारागीर मागण्याआधीच तुमच्यासमोर पाकीट फोडतो.

वापरलेल्या पात्याचं काय करता, हे मी आता प्रत्येकाला विचारतो. बहुतेक जण कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकतात. आमच्या सोसायटीचा कचरा नेणाऱ्या मावशींच्या तर्जनीला एकदा चिंधी बांधलेली दिसली. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, ‘पत्ती लागली.’ एवढंच, आणि पुढची बादली उचलली. त्या आठवड्यात मीही दोन पाती कागदात गुंडाळून टाकली होती. माझी होती की दुसऱ्या कुणाची, ते कळायला मार्ग नव्हता. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटाला पाती टाकायची फट असे आणि पाती भिंतीच्या पोकळीत साठत. आपल्याला भिंत पोखरायची गरज नाही. त्या संध्याकाळी मी तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला छिन्नीने ब्लेड जाईल एवढी फट पाडली आणि झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद केलं. सहा वर्षं झाली, अजून तो निम्मा रिकामा आहे. भरला की तसाच बंद, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून, भंगारवाल्याच्या हातात देईन.