काढ्याचा चोथा आणि संमतीपत्र

आपली औषधे वनस्पतिजन्य, मग प्रदूषण कसले, असा प्रश्न औषधनिर्माते वैद्यबंधू नेहमी करतात. आम्हीही तो करीत होतो. परंतु अरिष्टाची भांडी धुतलेल्या पाण्यात गूळ आणि वनस्पतींचा अंश असतो. ते ओढ्यात गेले की सूक्ष्मजंतू त्यावर वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू संपवितात. पाणी वनस्पतिजन्य आहे याचा माशांना काही दिलासा नसतो!

असे सांडपाणी व चोथा निर्दोष करूनच सोडण्याचे बंधन 2000 साली आलेल्या 'शेड्यूल टी'मध्ये आहे. 1974 च्या जल आणि 1981 च्या वायू अधिनियमांन्वये प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते. त्यासाठी आपण सल्लागार नेमतो आणि तो बोट ठेवील तेथे सही करतो. आमच्या अर्जात रोजच्या सांडपाण्याचा आकडा सल्लागाराने अंदाजाने घातला होता. पाहणीच्या वेळी पाणी त्याहून बरेच अधिक भरले. खुलासा देण्याची पाळी आमच्यावर आली, त्याच्यावर नव्हे. कारण सही आमची होती.

सल्लागार नेमू नये, असे आमचे म्हणणे नाही. मात्र पाणी स्वतः मोजावे, बॉयलर असल्यास इंधनाची नोंद ठेवावी, चोथा खतासाठी वेगळा काढावा आणि अर्ज वाचूनच सही करावी. चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू व उदकाची दुष्टी सांगितली आहे; ती आपण पाठ करून परीक्षेत लिहिली. लहान फार्मसींना मिळून एक सामायिक शुद्धीकरण यंत्रणा उभारता येईल काय, हा विषय संघटनेने आगामी सभेपुढे ठेवावा, असे आम्ही सुचवितो.