बघू की ओ!

मी वेळापत्रकाचा माणूस आहे. पूर्वी हे मी अभिमानाने सांगत असे, हल्ली जरा दबक्या आवाजात सांगतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आठवड्याच्या भाज्यांचा तक्ता लावलेला आहे. कपाटाच्या दाराला आतून विम्याच्या हप्त्यांचा तक्ता आहे. हे तक्ते कधी बदलायचे, याचाही एक वेगळा तक्ता आहे. मंगळवारी दोडका म्हणजे दोडका! मंगळवारी मंडईत कोवळी, हिरवीगार मेथी समोर आली, तरी मी एखाद्या सच्छील गृहस्थासारखा मान खाली घालून पुढे जातो. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं की, लग्नात सप्तपदीची पावलंसुद्धा मी मनातल्या मनात मोजून घेतली होती. (घेतली होती. सातच भरली.)

आणि माझं आजोळ कुठलं, तर भोकरचं. नियतीला विनोदाचं अंग आहे ते असं.

भोकर म्हणजे नांदेडहून पन्नासेक किलोमीटर. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं तालुक्याचं गाव. थोडं पुढे सरकलं की तेलंगणा लागतो. तिथे आमचे मामा किराणा दुकान चालवत. 'चालवत' हा शब्द आपला सवयीने लिहिला. दुकान आपलं आपण चालायचं, मामा त्यात बसायचे. कुणी विचारावं, "मालक, साखर कधी येणार?" मामा म्हणायचे, "बघू की ओ." कुणी विचारावं, "पोरीचं लग्न काढलंय, उधारी मिळंल का?" "बघू की ओ." मी विचारावं, "मामा, उद्या किती वाजता उठायचं?" त्यावर मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत आणि म्हणत, "जाग आल्यावर, बाबा."

हा लेख भांडणाचा आहे, हे आताच सांगून टाकतो. भांडण माझ्यासारख्यांशी आहे. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' असं चारचौघांत विचारणाऱ्यांशी आहे. अहो, प्रत्यक्ष सरकारने 2017 साली बारावी पंचवार्षिक योजना संपल्यावर तेरावी काढली नाही. पण आमच्या घरात चिरंजीवांनी पोराची काढलीच! त्या पोराकडे मी येणारच आहे. आधी मामांचा निकाल लावू.

साधारण 1974 सालची गोष्ट. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. किनवटपर्यंत रेल्वे, पुढे बस, दर्शन, जेवण, परतीचा प्रवास, सगळं मी चौकटी आखून कागदावर उतरवलं होतं. मामी, दोन मामेभावंडं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन आम्ही स्टेशनावर पोचलो, तेव्हा गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती. चूक रेल्वेची नव्हती. मी पाहिलेलं वेळापत्रक मागल्या वर्षीचं होतं. मला रडूच फुटलं. मामा रुळाकडे बघत शांतपणे म्हणाले, "गेली का? जाऊ दे की. तिला जायाचंच होतं."

दहा मिनिटांत त्यांनी हिमायतनगरकडे निघालेला एक ट्रक गाठला. दुपारी आम्ही माहूरला नव्हे, तर सहस्रकुंडला होतो. श्रावणाचे दिवस. पैनगंगा दुथडी भरून काळ्या खडकावरून कोसळत होती. मामांनी माहूरच्या दिशेने हात जोडले, "आई, पुढच्या बारीला येतो," म्हणाले आणि भाकरी-ठेच्याचं गाठोडं सोडलं. सगळे पोट धरून हसत होते, भिजत होते. मी एकटा खडकावर बसून परतीच्या गाडीचा हिशेब करत होतो. धबधबा मी पाहिला नाही. म्हणजे तोंड तिकडेच होतं. पण पाहिला नाही. माहूरला मी पुढे चारपाच वेळा जाऊन आलो. ते भिजणं मात्र पुन्हा मिळालं नाही.

तुम्ही म्हणाल, असे 'बघू'वाले गावोगाव असतात, त्यांना आम्ही आळशी म्हणतो. मीही म्हणत होतो. पण मामांच्या 'बघू'चा उगम मला फार उशिरा कळला.

मामा शिकले उर्दू शाळेत. निजामाचं राज्य होतं, दरबाराची भाषा उर्दू, महिने फसली, चलन हाली सिक्का. 1948 उजाडलं तेव्हा मामा चौदा वर्षांचे होते. रझाकारांच्या धामधुमीत एका रात्री घरातली सगळी माणसं उठली आणि पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडच्या बाजूला गेली. आजी सांगायची, भाकरी तव्यावर होती. मामांच्या डोक्यावर पितळी हंडा होता, नि हंड्यात त्यांची पुस्तकं. सप्टेंबरच्या 13 तारखेला फौजा शिरल्या, 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मंडळी परत आली, घर होतं तिथेच होतं. पण मामांनी डोक्यावरून वाहून नेलेली आणि परत आणलेली पुस्तकं आता काही कामाची नव्हती. आता मराठी शिकायचं होतं.

मग सुरू झाली बदलांची रांग. आधी निजामाचं हैदराबाद, मग भारतातलं हैदराबाद राज्य, 1956 साली द्वैभाषिक मुंबई, 1960 साली महाराष्ट्र. दुकानाची फळी तसूभर न हलवता माणूस चार राज्यांत राहून आला! सहा कलदार रुपयांना सात हाली, हा हिशेब बोटांवर बसतो न बसतो तोच 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. दोन वर्षांनी हाली सिक्का उठला. मग शेर गेले, किलो आले. गिऱ्हाईक कधी मराठी बोले, कधी दखनी, आणि बाजाराच्या दिवशी भैंशाकडचा माणूस आला की तेलुगू. मामा तिन्ही भाषांत उधारी द्यायचे आणि तिन्ही भाषांत ती बुडायची.

अशा माणसाला विचारायचं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? तो काय सांगणार? 'इथंच. राज्य कुठलं असंल ते बघू की ओ.'

तात्पर्य, मामांच्या 'बघू'त आळस नव्हता, अनुभव होता. बेत मोडल्यावर माणूस मोडत नाही, हे त्यांनी चौदाव्या वर्षी पाहिलेलं होतं. मी मात्र प्रत्येक बेताबरोबर थोडा थोडा मोडत आलो. गाडी चुकली की मी चुकलो, पाऊस आला की माझं नाक कापलं गेलं. आमच्यासारख्यांना वाटतं, आपण काळाला ताब्यात ठेवलंय. प्रत्यक्षात काळ पुढे निघून गेलेला असतो आणि आपण त्याची मागल्या वर्षीची प्रत हातात धरून फलाटावर उभे असतो.

आता दुसरी बाजूही ऐकून घेऊ, नाहीतर भांडणाला न्याय मिळत नाही. याच भोकर मतदारसंघातून विधानसभेवर गेलेले शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले. शिस्तीमुळे सारा महाराष्ट्र त्यांना 'हेडमास्तर' म्हणे. 1975 साली सचिवालयाचं 'मंत्रालय' त्यांनीच केलं. जायकवाडीच्या धरणामागे त्यांचा मोठा ध्यास होता. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. हे धरण काही 'बघू' म्हणून उभं राहिलेलं नाही. धरण, रेल्वे आणि पोटाची शस्त्रक्रिया या तीन ठिकाणी मला मामांसारखा माणूस नको. डॉक्टरने 'उघडून बघू की ओ' म्हटलेलं मला खपणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आयुष्य हे धरण नव्हे. ते नदी आहे, आणि नदीला वेळापत्रक नेऊन दाखवणाऱ्याचे फक्त पाय भिजतात.

आणखीही एक आक्षेप आहे, आणि तो आमच्या घरातूनच आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "मामांचं कौतुक पुरे. ते अचानक पाच पाहुणे घेऊन यायचे, तेव्हा चुलीपाशी कोण असायचं?"

हा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता. माझ्या तक्त्यात ती चौकटच नव्हती. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मामी आहेत. पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत, टणक आहेत. मी भोकरला गेलो तेव्हा त्यांना विचारलं. मामी हसल्या. म्हणाल्या, "त्यांनी म्हनायचं 'बघू'. अन् बघायचं कुणी? मी!"

मी खजील झालो. पण मामींचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि फडताळातले पाच डबे दाखवले. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला, उन्हाळ्यात घातलेले सांडगे. "हे डबे मी कधी रिकामे होऊ दिले न्हाईत. बहात्तरच्या दुष्काळात मिलो आली, तिची भाकरी थापताना तुटायची, तर उकड काढून केली, पन डबा भरलेलाच. कोन येनार ते मला मालूम नसतंय. कुनीतरी येनार हे मालूम असतंय."

मी आजवर व्यवस्थापनावरची बरीच जाडजूड पुस्तकं पैसे देऊन विकत घेतली. हे एक वाक्य त्यांच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

तयारी वेगळी आणि बेत वेगळा. मी जन्मभर बेत केले, मामींनी तयारी केली. कोरडवाहू शेतकरीही हेच करतो. मृगाचा पाऊस वेळेवर पडला तर मूग-उडीद, लांबला तर त्यांचा नाद सोडायचा. सोयाबीनमध्ये तूर घालायची, म्हणजे एक गेलं तर दुसरं हाताशी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर अशी शिफारसच केलेली आहे. खरीप हातचं गेलं तर रब्बीला हरभरा, करडई. सरकारी भाषेत याला 'आपत्कालीन पीक नियोजन' म्हणतात. मामा त्याला 'बघू' म्हणत. फरक फक्त अक्षरांच्या संख्येचा आहे.

मात्र इथे एक इशारा देऊन ठेवतो. 'जुळवून घ्या' हा उपदेश बहुधा तोच करतो, ज्याला स्वतःला काही जुळवून घ्यावं लागत नाही. लवचिकपणा हा आपण शिकायचा गुण आहे, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा हार नव्हे. शेतकऱ्याच्या आणि मामींच्या तर नव्हेच नव्हे.

आता नातवाकडे येतो. चिरंजीवांनी त्याला अकरावीपासून लातूरला शिकायला ठेवलं होतं. लातूरचा 'पॅटर्न' महाराष्ट्राला ठाऊक आहे, अनेकांचं त्याने भलंही केलं आहे. त्यात माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या घरच्या तक्त्याशी. तो मी आणि चिरंजीवांनी मिळून केला होता. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, 'डॉक्टर'. ती भरली नाही तर काय, याला कागदावर जागाच ठेवली नव्हती. परीक्षेचं नाव 'नीट', आणि निकाल लागल्यावर घरात काहीच नीट राहिलं नाही. पोराने खोलीचं दार लावून घेतलं. अकरा दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. बाराव्या दिवशी मी आत गेलो. सांत्वन म्हणून काय घेऊन गेलो असेन? पुढच्या वर्षाचा नवा तक्ता! त्याने तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या पाठमोऱ्या पोराकडे बघताना मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षराची भीती वाटली.

मी त्याला भोकरला नेलं. मामींनी ना गुण विचारले, ना 'पुढे काय'. म्हणाल्या, "बरं झालं आलास. डाळीतले खडे मला दिसंनात. तुझे डोळे चांगले हायत, बस इथं." पोरगं सूप घेऊन बसलं. दोन दिवस नुसते खडे निवडले. तिसऱ्या दिवशी मामींनी त्याला मामांची गोष्ट सांगितली. शिकलेलं सगळं एका सप्टेंबरात बाद झालं त्याची.

"मग त्यांनी काय केलं?" पोराने विचारलं. अकरा दिवसांनंतरचं त्याचं हे पहिलं अख्खं वाक्य.

"काय करनार? मराठी शिकले. दुकानाची पाटी स्वतःच रंगवली. अन् उर्दूची सवय, बाबा! सुरुवात केली उजवीकडून. 'दुकान'चं 'नकादु' झालं. चार दिवस गाव हसलं, अन् गिऱ्हाईक वाढलं."

पोरगं हसलं. सूप हातातून पडेपर्यंत हसलं. डाळ सगळी जमिनीवर. मामी म्हणाल्या, "असू दे, पुन्हा निवडू."

परतताना गाडीत मी न राहवून विचारलंच, "मग, आता पुढे काय करायचं?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघू की, आजोबा." माझा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मी तो बाहेर काढला, रिकामाच.

त्यानंतरच्या मंगळवारी मी मंडईतून मेथी आणली. सौभाग्यवतींनी पिशवीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता आतून थर्मामीटर घेऊन आल्या.