झोपेचीही विचारपूस हवी

"दिवस गेले की झोप उडायचीच," असं म्हणून बाईची तक्रार घरात आणि दवाखान्यातही उडवून लावली जाते. वस्तीत काम करताना हे वाक्य सतत कानावर येतं. पोट वाढलं, वारंवार लघवीला उठावं लागलं की झोपमोड होते, हे खरं. पण प्रत्येक जागरण असं साधं नसतं.

रात्री पायांत वळवळ होते, ते हलवल्याशिवाय चैन पडत नाही, यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणात नव्याने सुरू झालेल्या मोठ्या घोरण्याचा संबंध वाढत्या रक्तदाबाशी आणि मधुमेहाशी दिसतो. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल, तर यकृताची तपासणी हवी. आठवडेच्या आठवडे झोप नाही, मन उदास, तर ते नखरे नव्हेत. नैराश्य असू शकतं.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. तिथे वजन, रक्तदाब, रक्ताबरोबर "झोप कशी लागते?" हेही विचारलंच पाहिजे.

मात्र नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पहाटे पाण्यासाठी उठणारी आणि सगळ्यांची भांडी घासून शेवटी पाठ टेकणारी बाई झोपणार तरी कधी? नवऱ्याने हंडा उचलला, घराने तिला दुपारी पडू दिलं, तर ते उपकार नव्हेत. विश्रांती हा तिचा हक्क आहे.