जय-पराजयाचें चक्र

मँचेस्टर नगरींतील युनायटेड व सिटी या दोन फुटबॉल संघांची चुरस जुनी आहे; परंतु तिच्यापासून घ्यावयाचा बोध नित्य नवा आहे, असें आम्हांस वाटतें. १९३७ सालीं सिटी इंग्लंडचा अजिंक्य संघ ठरला व युनायटेड दुसऱ्या श्रेणींत उतरला. पुढच्याच वर्षीं युनायटेड वर चढला आणि सिटी खालीं आला! १९९९ सालीं युनायटेडनें एकाच हंगामांत लीग, एफ. ए. कप व युरोपीय अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां सिटी तिसऱ्या श्रेणींत झगडत होता. २०२३ सालीं तींच तीन पदें सिटीनें जिंकलीं. मग आजच्या विजेत्यानें कोणास हिणवावें?

आमच्या मतें या इतिहासाचें सर्वांत उज्ज्वल पान सामन्यांबाहेरचें आहे. १९४१ सालीं जर्मन बाँबवर्षावानें युनायटेडचें मैदान उद्ध्वस्त झालें, तेव्हां सिटीनें आपलें मेन रोड मैदान त्यास खेळावयास दिलें. १९४९ पर्यंत ही सोय चालली. भाडें घेतलें हें खरें. पण प्रतिस्पर्ध्यास दार बंद केलें नाहीं. विद्यार्थ्यांनो, वर्गांत पहिला नंबर आला तर मागें राहिलेल्या सोबत्यास आपली वही द्या. पुढील परीक्षेच्या वेळीं कदाचित् तुम्हांसच त्याची वही मागावी लागेल.