विश्रांतीने न जाणारा थकवा

“तुम्ही नुसते पडून राहा, बाकीचे आम्ही पाहतो.” घरातील वडीलधाऱ्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले की, हे वाक्य मायेपोटीच बोलले जाते. पण एका विकारात हीच माया रोग्याला दुबळे करू शकते.

त्याचे नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमिया. यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी रक्तात, अस्थिमज्जेत व गाठींत साचत जातात. हा बहुधा उतारवयातला आणि पुष्कळदा संथ चालीचा रोग. जोधपूरला जन्मलेल्या व अमेरिकेत नावारूपाला आलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ साली त्याच्या पायऱ्या आखून दिल्या. खालच्या पायऱ्यांवरील अनेक रोग्यांना लगेच औषध देत नाहीत. वरचेवर रक्त तपासून नजर ठेवतात.

या काळात माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण थकव्याने बेजार असतो. रात्रभर झोपूनही अंग हलके होत नाही. हा आळस नव्हे! रक्तक्षय, एखादा ताप, थायरॉइड, अपुरी झोप किंवा मनाला लागलेला घोर हे कारण असू शकते; म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मात्र एक कारण आपणच तयार करतो. पडून राहिले की स्नायू झिजतात. मग जिना चढताना दम लागतो. दम लागला की पुन्हा पडून राहावेसे वाटते. हे चक्र तोडायला हालचालच हवी.

व्यायामाने रोगप्रतिकारशक्ती वाढते का? या रोग्यांत पांढऱ्या पेशी उदंड, पण कामाच्या थोड्या; रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्येही कमी. त्यामुळे न्यूमोनिया, नागीण यांचे भय असते. भरभर चालले की काही मिनिटांतच लढाऊ पेशी रक्तात उतरतात आणि थांबल्यावर तासा-दोन तासांत बहुतेक माघारी जातात, एवढे खरे. पण त्याने रोग बरा होतो किंवा संसर्ग टळतोच, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. थकवा कमी होणे व अंगात ताकद येणे, हा लाभही लहान नाही.

सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करावी. चालताना बोलता यावे, इतकाच वेग असावा. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून दोनदा, खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठण्या-बसण्यासारखा ताकदीचा व्यायाम करावा. ताप, छातीत दुखणे किंवा चक्कर असेल त्या दिवशी मात्र विश्रांतीच घ्यावी, आणि डॉक्टरांना कळवावे. प्लीहा वाढली असल्यास जड ओझे व धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार उतरले असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीच सुरू करू नये. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींचेही त्यांनाच विचारावे. जिवंत जंतूंच्या लसी या रोग्यांना चालत नाहीत.

दिवाळीत फटाक्यांचा धूर आणि खोकणारे पाहुणे यांपासून रोग्याला जपा. पण पणत्या लावणे, रांगोळीचे रंग आणणे, कोपऱ्यावरून फुले आणणे ही कामे त्याच्या हातून काढून घेऊ नका. काळजी म्हणून त्याला खाटेवर बसवण्यापेक्षा, चपला घालून त्याच्याबरोबर फेरफटक्याला निघा!