काचेवरची घासाघीस
वडिलोपार्जित एचएमटीची काच बदलायला चारशे रुपये ही लूट आहे, असं सोलापुरात मला किमान पाच जणांनी ऐकवलंय. त्यांचा हिशोब सोपा आहे. ‘जनता’ जुन्या बाजारात हजार-दीड हजाराला मिळते, मग काचेवर चारशे कशाला घालवायचे? मला हा हिशोबच मुळात चुकीचा वाटतो.

आधी काम समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक एचएमटींची काच ही काच नसतेच, ॲक्रिलिक असतं. नुसते ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपर आणि पेस्टने निघतात. तडा गेला तर मात्र काच बदलावीच लागते. यंत्र बाहेर काढायचं, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत माप घ्यायचं, नेमकी काच नसेल तर थोडी मोठी घेऊन कड घासायची, आणि तबकडीवर धुळीचा कणही न ठेवता ती खाचेत बसवायची. हे शोभेसाठी नाही. तड्यातून ओल शिरली की काटे गंजतात, तबकडी डागाळते. तो डाग पुसायला गेलं तर आकडेही पुसले जातात.

शिवाय काच आणायची कुठून? एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. आता भिस्त उरलीय ती जुन्या साठ्यावर आणि घड्याळजीने वर्षानुवर्षं जमवलेल्या डब्यांवर.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बनवणारी कंपनी बुडालेली जुनी सिस्टीम चालू ठेवायची असेल, तर आमच्या धंद्यात तासावर बिल लागतं आणि दर चढाच असतो. त्याला कुणी लूट म्हणत नाही, ‘लीगसी सपोर्ट’ म्हणतात. नवी पेठेत तेच काम करणाऱ्याशी मात्र आपण पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो.

ज्याला चारशे रुपये खरंच जड आहेत, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ‘आजोबांचा वारसा’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांशी आणि त्याच वारशाची किंमत भंगाराच्या भावाने करणाऱ्यांशी. बाजारभाव घड्याळ विकताना बघायचा असतो. जे विकायचंच नाही, त्याच्या दुरुस्तीला तो लावायचा कशाला?

गिरण्या बंद पडल्यावर कसबी हातांचं काय होतं, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. घड्याळजीचा मुलगा बापाच्या जागी बसायचं की नाही हे गल्ला बघूनच ठरवणार. चारशेचे अडीचशे करताना आपण त्याला उत्तर देतच असतो.